पालीच्या पेटीतली बुरशी

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
टकळीचा शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला सावकाश बोलता येत नाही, तेव्हा कागदच बरा. आमच्या उपचार केंद्रात बसायच्या खोलीत मी काचेची पेटी ठेवली आहे ना, माती, फर्न, शेवाळ, एक वाकडं लाकूड आणि त्यावर शेंडीवाली तपकिरी पाल? एरवी पाल दिसली की लोक झाडू शोधतात. इथे खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेल्या माणसांना मी बोलायला शिकवते. त्यांना एकमेकांकडे बघण्यापेक्षा तिच्याकडे बघणं सोपं जातं. आमचे घड्याळवाले काका तर अर्धा तास आधीच येऊन बसतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता खुर्चीला चमचा म्हणतात आणि चुकलं हे त्यांना कळतही नाही. पण पालीने जीभ काढून स्वतःचाच डोळा चाटला की पोट धरून हसतात.

आता भानगड ऐक. लाकडावर पांढरा कापूस उगवलाय, मातीवर राखाडी लव. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि दम्याचे पेशंटही इथे येतात, महिनाअखेर बुरशी दिसली तर पेटी बाहेर, असं शांतपणे सांगितलं. त्यांचं बरोबर आहे, म्हणूनच जास्त राग आला. तू तीस वर्षं रोपवाटिकेचं काचघर सांभाळलंस. उपाय सांग, बाकी मी बघते. पेटी कुठे जात नाही.

तुझी,
टकळी

७ फेब्रुवारी

चि. टकळीस अ. आ.

घाबरण्यासारखं काही नाही. बुरशी म्हणजे न बोलावलेली पाहुणी. खायला-प्यायला मिळालं आणि दारं-खिडक्या बंद असल्या की मुक्काम ठोकते. आधी पालीला दुसऱ्या डब्यात हलव. लाकूड उकळून खडखडीत वाळव. जुनी माती टाकून दे. तळाशी दोन बोटं खडे, त्यावर जाळी, वर नारळाच्या भुशात कोळशाचा चुरा मिसळलेली नवी माती. पाणी खाली उतरलं पाहिजे, मुळाशी तुंबता कामा नये. वरच्या जाळीवर तू हटकून प्लास्टिक घातलं असशील, ते काढ, हवा खेळू दे. पालीचं उरलेलं खाणं सकाळी उचलायचं. स्प्रिंगटेल नावाचे पांढरे, बारीक किडे मिळतात, ते मातीत सोड. बुरशी हेच त्यांचं जेवण. औषधं मात्र आत फवारू नकोस.

पाणी दिवसातून एकदा, संध्याकाळी. दुसऱ्या दुपारपर्यंत पानं कोरडी दिसली पाहिजेत. ओलावा मोजायचं काट्याचं यंत्र लाव. आणि अति करू नकोस. मुंग्या झाल्या म्हणून लहानपणी तू कुंडी धुऊन काढली होतीस, रोपासकट.

तुझी मावशी

१६ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न.

अति करू नकोस म्हणालीस आणि मी नेमकं तेच केलं. पेटी नवी केली, पण बुरशीच्या धाकाने चार दिवस फवाराच मारला नाही. पालीने कात टाकली ती बोटांवरच अडकून राहिली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिला कोमट ओला कागद घातलेल्या डब्यात पंधरा मिनिटं ठेवलं, मग ओल्या कापसाच्या काडीने कात अलगद सोडवली. बोटं शाबूत आहेत. बुरशीपेक्षा मीच तिला भारी पडले होते.

त्यानंतर रोज एकदाच फवारा सुरू केला. तरी काच सतत ओलीचिंब आणि काटा नव्वदच्या पुढे! काल दाराआडून पाहिलं. घड्याळवाले काका बाटली घेऊन फवारत होते, तेही उजव्या हाताने. झटक्यानंतर त्या हाताने चमचा उचलवत नव्हता गं. बाटली काढून घ्यायला गेले आणि दारातूनच परत फिरले. बुरशीचा एक ठिपका परत आलाय. आता पाल सांभाळू की काका?

तुझी पेचात पडलेली,
टकळी

२० फेब्रुवारी

चि. टकळीस अ. आ.

दोघांनाही सांभाळ. काम काढून घेऊ नकोस, बदलून दे. ज्यांचा जन्म काटे वाचण्यात गेला त्यांना ओलाव्याचा काटा वाचायला दे. त्यांची वेळ संध्याकाळची कर. आकडा मोठ्याने सांगायचा, साठच्या खाली असेल तरच फवारायचं, आणि ठरवायचं त्यांनी. हाताला व्यायाम हवा तर खिडकीतली झाडं आहेतच.

मला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा माझीही कामं सगळ्यांनी काढून घेतली. प्रेमानेच घेतली. रागाने घेतलेलं भांडून परत मिळवता येतं, प्रेमाने घेतलेलं कसं मागायचं? असो. ठिपक्याची काळजी नको, किडे त्याचा समाचार घेतील.

तुझी मावशी

१ मार्च

ती. मावशीस शि. सा. न.

पेटी राहिली! काल संध्याकाळी मोठे डॉक्टर टॉर्च घेऊन आले, कोपरान् कोपरा पाहिला. बुरशीचा मागमूस नाही. मग त्यांनी काकांनाच विचारलं, ओलावा किती. काका पंच्याहत्तर म्हणाले आणि थांबले. कपाळाला आठी पडली. मान हलवून नाही म्हणाले आणि एकेक अक्षर चिमट्याने उचलावं तसं पासष्ट म्हणाले. काटा पासष्टवरच होता. डॉक्टरांना वाटलं, आकडा चुकला नि सुधारला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांची चूक त्यांना स्वतःला ऐकू आली होती. जाताना डॉक्टरांनी कौतुकाने फवाऱ्याकडे हात नेला, तर काकांनी बाटली मांडीवर ओढून घेतली.

तुझ्या पत्रातल्या त्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तुझ्या गच्चीतल्या कुंड्यांना माळी लावला तो मीच. तुला दगदग नको म्हणून. तुला विचारलंही नाही. त्याला आज सांगितलंय, रविवारपासून येऊ नका. झारी कुठे ठेवली आहे ते त्याच्याकडून विचारून घे, आणि तो पाणी जास्त घालतो, तेव्हा माती आधी बोटाने बघ. हे मी तुला शिकवतेय, हसू नकोस.

लोभ आहे तसाच ओला राहू दे,
तुझी टकळी