खांबापाशी बाबा

१२ ऑगस्ट

पुन्हा भांडण. बाबांना पटाशी हवीय. मी लपवून ठेवलीय. "खांबाचं काम राहिलंय," एवढंच धरून बसलेत. अहो बाबा, मिशनच्या जुन्या चर्चची डागडुजी संपून जमाना झाला! तेव्हा तुम्ही तरणे होतात, मी जन्मलेही नव्हते. पण ऐकतंय कोण!

उद्या ला पाझहून बडी पाहुणी येतेय. तिला मिशन दाखवायचं काम माझ्याकडे. पसंत पडलं, तर गाइडची कायमची नोकरी. आमच्या चिकितानो आदिवासींपैकी आजवर कुणाला मिळाली नाही.

१३ ऑगस्ट

लिहवत नाही.

१४ ऑगस्ट

लिहूनच टाकते.

काल सगळं छान चाललं होतं. पाहुण्या सेन्योरा ग्रासिएला मान वर करकरून बघत होत्या — पिळाचे लाकडी खांब, सोनेरी वेदी. "इतकी वर्षं कसं टिकलं हो हे!" तेवढ्यात मागून खर्र खर्र. बाबा! अनवाणी, विजार पुढून ओली, हातात भाजीची सुरी. खांब तासत होते. रंगाचा टवका उडालेला.

"अगं बाई! कोण हा?" सेन्योरांनी नाकाला रुमाल लावला. "ओळखता तुम्ही?"

"नाही."

किती सहज आलं तोंडातून! वर रखवालदारावरच ओरडले — "रोमुलो, बघतोस काय? बाहेर काढ!"

रोमुलो आमच्याच गल्लीतला. माझ्याकडे बघतच राहिला. मग सुरी हळूच काढून घेत म्हणाला, "चला आन्सेल्मोकाका, जेवायची वेळ झाली." बाबा निमूट गेले. मी पुढची माहिती सांगत राहिले. आवाजही कापला नाही माझा.

नोकरी मिळाली.

संध्याकाळी घरी आले तर रोमुलो दारात. "आंघोळ घालून निजवलंय. तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही त्यांनी." पायरी उतरताना वळला — "अभिनंदन हं, मॅडम."

थोबाडीत मारली असती तर बरं.

१५ ऑगस्ट

बाबा बोलत नाहीत. चीज घालून भाजलेले कुन्यापे पुढे ठेवले, गरम गरम. खाल्ले. माझ्याकडे पाहिलं नाही. "बाबा, चुकले मी." गप्प.

रागवा ना! शिव्या तरी घाला!

१६ ऑगस्ट

गल्लीत सगळ्यांना कळलंय. पाव आणायला गेले तर दुकानात सगळ्यांनी पाठ फिरवली. बाबा अजून गप्पच.

सेन्योरा उद्या परत जातायत. त्याआधी सगळ्यांसमोर खरं सांगणार. नोकरी गेली तर जावो.

१७ ऑगस्ट

बाबांना धुतलेला शर्ट घातला, हात धरून चर्चमध्ये नेलं. प्रार्थना नुकतीच संपलेली. सेन्योरांना गाठलं. "हे माझे बाबा. हा खांब यांनी कोरलाय. त्या दिवशी मी खोटं बोलले." सगळे थांबून बघत होते.

बाबांनी हॅट काढली. सेन्योरांकडे झुकून हळूच म्हणाले —

"पोरगी मायाळू आहे हो. रोज जेवू घालते मला. कुणाची आहे, काही कळत नाही."