हाफटाइमचे आलूबोंडे

कुडवा, गोंदिया
सोमवार

ती. निर्मलाबाईंना शकुंतलाचा पाया पडून नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, आणखी कोणी गेलं नाही. मी अन् गुंजन इकडे बऱ्या आहोत, दोन वेळा जेवून राहिलो. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं चालाले सांगितलं असेल तर चाला अन् बसाले सांगितलं असेल तर बसा, तुम्ही नेहमी उलटं करता. घरच्या मोठ्यायले नमस्कार, लहान्यायले आशीर्वाद.

फोनच करणार होती. पण फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही अन् तुम्ही ते कबूल करत नाही. मागे मी सिलेंडर संपला म्हणून सांगितलं तर तुम्ही पलीकडून म्हणाल्या, देवाची मर्जी. म्हणून लिहून राहिली. माझी शाळा तुम्हाले माहीत आहे, चौथीत मायनं घरी बसवलं, तवा अक्षर वाकडं येते. (गुंजनले लिहून दे म्हटलं तर ती माझ्या नावावर गोड गोड लिहिते. मी गोड बोलली असं वाचलं तर तुम्हालेच खरं वाटणार नाही.)

तुम्ही निरोप पाठवला होता की माझ्या भावाबद्दल, टिकारामबद्दल, मैदानात माईकवर काय काय बोलले ते मले शब्दाले शब्द कळव. ते सांगाले बसली आहे. पण ते सरळ सांगता येत नाही, मधात आलूबोंडे आहेत, तवा धीरानं वाचा.

तुमच्या भावानं राइस मिलमधी काम केलं ते पोटासाठी. मन होतं ते फुटबॉलच्या मैदानात. दर हिवाळ्यात टूर्नामेंट आली की पहाटे दोरी, खुंट्या अन् चुन्याची बादली घेऊन निघायचे अन् मैदानावर रेघा मारायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बंदही केलं नाही. अन् खेळणाऱ्यायच्या पायानं रेघा पुसल्या की हाफटाइमले पुन्हा बादली घेऊन वाकायचे. सारं गाव तेवढ्या वेळात चना-मुरमुरा खाऊन राहिलं अन् हा माणूस वाकून चुना टाकून राहिला. घरी यायचे तर भुवयासुद्धा पांढऱ्या. मी म्हणायची, आधी आंघोळ करा, मग ताटावर बसा. दिवाळीनंतर ते गेले तवा कमिटीचा भुपेंद्र घरी आला अन् म्हणाला की काकू, यंदा फायनलच्या हाफटाइमले आम्ही काकाजीसाठी दोन मिनिटं मौन पाळणार, दोन शब्द बोलणार अन् तुम्हाले शाल-श्रीफळ देणार. मी विचारलं, हाफटाइमलेच काऊन, सुरुवातीले काऊन नाही. तो म्हणाला, काकाजीची वेळ तीच होती ना. त्या पोट्ट्याले मी लहानपणी दोनदा झोडपलं आहे, पण त्या दिवशी त्याले साखर जास्त घालून चहा दिला.

आता पाहुणे. आमगावचे गोवर्धन मामाजी, मामीजी अन् त्यायच्या घरची जीपभर माणसं आली. भाच्याचं नाव माईकवर निघणार म्हणून आली, हे चांगलंच केलं. मले कमिटीनं पुढे मंडपातल्या सोफ्यावर बसवलं. (सोफा लग्नातला होता, लाल, राजा-राणीचा. मी दिवाळीनंतर विधवा झालेली बाई त्या राणीच्या जागी बसली. कोणी हसलं नाही, पण मले समजते.) पाहुणे मागे खुर्च्यायवर, गुंजन त्यायच्या सोबत.

यंदा खाण्याचं सारं बदललं. टोपलीवाल्या बाया बाहेर केल्या, केटलीवाला बाहेर केला. बाहेरगावच्या एका ठेकेदारानं दुकान लावलं अन् प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा कागद चिकटवला. त्याचा मोबाईलनं फोटो काढायचा, मग मोबाईलमधी आलूबोंडा, समोसा, पाणीबॉटल असं निघते, त्यावर बोट ठेवायचं अन् हाफटाइम झाला की माणूस खुर्चीवर आणून देते. पण मागणी हाफटाइमच्या आधी टाकावी लागते. शिट्टी वाजली की ते बंद.

तर खेळ सुरू असताना गुंजननं पाहुण्यायले विचारलं, काय मागवू. मामाजी म्हणाले, काही नको. मामीजी म्हणाल्या, आताच तर घरून जेवून निघालो. बाकीच्यांनी पोटावर हात फिरवला. अन् या पोरीनं ते खरं मानलं. बाई, एवढी कॉलेजात जाते. पाहुण्याचा पहिला नको हा नको असते का? पहिल्यांदा नको म्हणणं हे पाहुण्याचं काम, दुसऱ्यांदा आग्रह करणं हे आपलं काम, मग तो म्हणते की तुम्ही म्हणता तर अर्धा द्या, अन् तिसऱ्यांदा आपण पुरा वाढतो. मी नवी नवरी असताना तुम्ही माहेरी आल्या, पहिल्यांदा नको म्हणाल्या अन् मी ताट उचललं, तर सासूबाईनं मले दारामागे नेऊन समजावलं होतं. पण मोबाईल एकदाच विचारते. गुंजननं स्वतःसाठी मक्याच्या लाह्यायचा एक डबा मागवला अन् मोकळी झाली.

शिट्टी वाजली, मी सोफ्यावरून मागे वळून पाहिलं. आजूबाजूच्या साऱ्या रांगांत माणसं खाऊन राहिली होती. आपल्याच रांगेत हात रिकामे. मामाजी शेजारच्या माणसाच्या समोश्याकडे असे पाहून राहिले होते की त्या माणसानं पाठ फिरवली. माझ्या घरच्या कामासाठी आलेली माणसं, अन् ती लोकायचं खाणं पाहात बसली. मी उठून मागे गेली, गुंजनले विचारलं. ती म्हणते, मी विचारलं होतं मम्मी, ते नको म्हणाले, तूच विचार. मी काय बोलली ते लिहीत नाही, तुम्ही मोठ्या आहात.

भुपेंद्र पळत आला, काकू बसा, पाच मिनिटांत सुरू करून राहिलो. आता कमिटीची पाच मिनिटं मले माहीत आहेत. आमदार यायचे होते, ते आले नव्हते. मी म्हटलं, आत्ता येते, अन् गॅलरीच्या मागे दुकानावर गेली. (हे मी माझ्या बचावासाठी लिहून राहिली नाही. असं झालं म्हणून लिहिते.)

तिथं आलूबोंड्यायची परात समोर, वाफ निघून राहिली, अन् टोपीवाला माणूस म्हणते, आंटी, मोबाईल से करो, यहाँ से नहीं मिलता. मी म्हटलं, आलूबोंडे दिसून राहिले, मी दिसून राहिली, मधात मोबाईल कायले पाहिजे? तो म्हणते, सिस्टम है. मी म्हटलं, तुझ्या सिस्टमले बोलाव, मी तिच्याशी बोलते. रांगेतल्या एका भल्या माणसानं स्वतःचा मोबाईल काढला. मोबाईलनं खुर्चीचा नंबर विचारला. मी म्हटलं, मले सोफा आहे. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, अन् मग मोबाईलनं सांगितलं की हाफटाइम सुरू झाला आहे, आता मागणी घेता येत नाही. तो माणूस म्हणाला, काकू, मी काय करू. मी पुन्हा टोपीवाल्याकडे वळली. माझा आवाज तुम्हाले माहीत आहे, मिलमधून तुमचे भाऊ जेवाले यायचे तवा मी फाटकातून हाक मारली की सारी आळी जेवाले यायची.

लाऊडस्पीकर सारे मैदानाकडे तोंड करून होते. मागे नुसता खडखड आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी बोलून राहिली अन् मध्येच तो टोपीवाला चुप झाला. त्यानं टोपी काढली अन् खाली पाहाले लागला. मले वाटलं, हा आता मले उत्तरही देत नाही. मागे वळली तर रांगही चुप, सारे उभे, माना खाली. मोबाईलवाला भला माणूससुद्धा. एकही जण माझ्याकडे पाहीना. माझं डोकं फिरलं. पोटभर आवाजात मी म्हटलं:

"काऊन, सारे मुके झाले का? कोणी मेलं का इथं?"

बाई, पत्र इथंच संपवणार होती, पण अर्धं लिहिणं बरं नाही. टोपीवाला हळूच वाकला अन् म्हणाला, "धीरे बोलो आंटी. कोई टिकारामजी थे, मैदान में चुना डालते थे. उनके लिए है."

 हात जोडायचे तर एका हातात पदर आवळलेला, दुसरा हात परातीवर टेकलेला होता, तो गरम लागला तवा काढला. मौन किती उरलं होतं मले माहीत नाही. मी डोळे मिटले, तुमच्या भावाचं तोंड समोर आणाले पाहिलं, ते येऊनच राहिलं होतं, अन् शिट्टी झाली. सारे पुन्हा बोलाले लागले. टोपीवाल्यानं टोपी घातली, काही न विचारता कागदाच्या प्लेटायमधी आलूबोंडे भरले अन् माझ्यापुढे ठेवले, चटणीसुद्धा दिली. मी कोण, हे त्याले कळलं का ते मले माहीत नाही. मी सांगितलं नाही.

प्लेटा सांभाळत गॅलरीले वळसा घालून येईपर्यंत माझं नाव पुकारून झालं होतं. गुंजननं जाऊन शाल घेतली होती. पोरगी मैदानाच्या मधात शाल घेऊन उभी अन् रडून राहिली, अन् मी इकडे चटणी सांडू नये म्हणून पाहून राहिली. प्लेटा पाहुण्यायपुढे धरल्या. मामाजी म्हणाले, अरे, आम्ही तर नको म्हटलं होतं, अन् दोन घेतले. मामीजी म्हणाल्या, मीठ कमी आहे.

तर माईकवर काय बोलले ते मले माहीत नाही. तुम्ही शब्दाले शब्द मागितलं अन् माझ्याकडे एक शब्दही नाही. मी साऱ्यायले विचारलं. मामाजी म्हणाले, चांगलं बोलला. मी म्हटलं, काय चांगलं? ते म्हणाले, चांगलंच. मामीजींच्या लक्षात एवढंच आहे की भुपेंद्रनं नावापुढे जी लावलं. गुंजनले रडण्यात काही ऐकू आलं नाही. शेवटी भुपेंद्रलेच विचारलं, तर तो म्हणते, काकू, कागदावर काही नव्हतं, तोंडात आलं ते बोललो, आता आठवत नाही. आमदार मात्र शेवटी आले अन् त्यायचं भाषण साऱ्यायले पाठ आहे.

उरलेला खेळ मी त्या राणीच्या सोफ्यावर बसून पाहिला. कोण जिंकलं ते गुंजनले विचारा. माझं लक्ष रेघेकडे होतं. आपल्या समोरची रेघ पायायनं पुसत गेली, मग चेंडू बाहेर गेला की आत आहे यावर पोट्टे भांडाले लागले, अन् कोणीच बादली घेऊन आलं नाही.

बाकी इकडे सारं ठीक आहे. तुम्ही यायची घाई करू नका. थंडी आहे, गुडघा आहे, गाडीत चढता-उतरताना कोणी हात देत नाही. अन् तुम्ही येऊन तरी काय करणार, मी रडत बसलेली नाही, मले कामं आहेत.

तुमची,
शकुंतला

ता.क. शाल पातळ आहे, उन्हात धरली तर पलीकडचं दिसते. तरी घडी करून ठेवली आहे.

ता.क. दुसरं. मामाजीच्या घरच्या एकानं ते मौन मोबाईलमधी धरलं आहे अन् ते आमगावभर फिरून राहिलं. सारी माणसं माना खाली घालून उभी आहेत, अन् मागून एका बाईचा आवाज येते. पहिल्यांदा मी पाहिलं तर मलेच वाटलं, कोण ही निर्लज्ज बाई. तुमच्यापर्यंत ते दुसऱ्याकडून पोचण्याआधी माझ्याकडून पोचावं म्हणून हे एवढं लांब लिहिलं. गुंजन म्हणाली, आपल्या मोबाईलमधून मिटवून टाकू. मी म्हटलं, राहू दे. त्यायचं मौन माझ्याजवळ तेवढंच आहे.

ता.क. आणखी एक. वर येऊ नका असं लिहिलं ते खोडाले पाहिजे होतं, पण खोडलं की पत्र घाण दिसते, म्हणून इथं लिहिते. या. ते गेल्यापासून मी एक घडी चुप बसलेली नाही. दूधवाल्याशी भांडते, गुंजनशी भांडते, कोणी नसलं तर भांड्यायशी बोलते. काल दुपारी दार लावून एकटीनं त्यायच्यासाठी चुप बसाले पाहिलं, पण डोळे मिटले की तोंडातून काही तरी निघतेच, दूध उतू गेलं का, फाटक लागलं का. तुम्ही त्यायची मोठी बहीण आहात. आंगणात दोघी बसू, दोन मिनिटं. तुम्ही माझा हात धरून ठेवा, अन् मी तोंड उघडलं की जोरानं दाबा.