वाकडा काप

४ नोव्हेंबर

जावईबापूंना माझी साखळी-करवत द्यायलाच नको होती! सकाळी एकेक दात कानशीने घासून, धार लावून हातात दिली. संध्याकाळी बघते तर ओंडक्यांचा प्रत्येक काप तिरका! तुकडा उभा केला की लवंडतोय. करवत मातीत खुपसली असणार, दुसरं काय! विचारलं, तर म्हणे, "शपथ आई, जमिनीला लावली नाही. ती आपोआप एका बाजूला ओढते." आपोआप! म्हणजे या घरात जावयापेक्षा करवतीला जास्त मत आहे.

५ नोव्हेंबर

जाता जाता लेकीचं जुनंच तुणतुणं. "विकून टाक ना ती करवत. आणि हे घरही. एकटीने लाकडं कापायची हौस कशाला या वयात?" हौस! शेगडी पेटली नाही तर थंडीत इथे राहायचं कसं? तेच तर हवंय त्यांना. माझ्यासाठी त्यांच्याकडची मागची खोली रिकामी केली आहे म्हणे. त्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली बनियनं दिसतात. उरलेला जन्म ती बघत काढू?

गेली एकदाची दोघं.

९ नोव्हेंबर

जुनं पातं जावयाने वाकवलं असणार, म्हणून नवं आणलं — ज्याच्या कडेने साखळी फिरते ते. दुकानदार विचारतो, "काकू, घरात कोणी पुरुषमाणूस नाही का?" म्हटलं, "होता. त्यालाही धार मीच लावायची." लगेच बिल फाडलं त्याने.

१० नोव्हेंबर

पुन्हा वाकडा! नवं पातं, ताजी धार, कापणारी मी स्वतः — आणि वाकडा!

११ नोव्हेंबर

साखळी काढून टेबलावर पसरली. तिचे दात आळीपाळीने असतात, एकाचं तोंड डावीकडे, पुढच्याचं उजवीकडे. दोन्हीकडचे सारखे घासले तरच काप सरळ जातो. एक बाजू झाली की लोक करवत फिरवून घेतात. मी हात बदलते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांवर फटके देऊन उजव्या हाताने लिहायला लावलं. बाकी सगळं मी डाव्यानेच करत राहिले. दोन्ही हात सारखे चालतात म्हणून आजवर मिरवलं.

कारखान्यात सगळी नोकरी मापं तपासण्यात गेली. कॅलिपर अजून जवळ आहे. लावला. उजव्या हाताने घासलेले दात अगदी हवे तसे. डाव्या हाताने घासलेले सगळे लांब. सगळेच्या सगळे! कानस त्यांच्यावरून नुसती फिरली आहे, लोखंड उतरलेलंच नाही.

मेला कॅलिपरच बिघडला असेल.

१२ नोव्हेंबर

बिघडलेला नाही.

१३ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. "गाडी घेऊन ये."

"करवत न्यायला?" केवढा आनंद आवाजात!

"करवत राहू दे. मला ने. डॉक्टरला डावा हात दाखवायचाय."