वकिलांच्या ताटातला ससा

१४ रजब १०६६, सोमवार

ससा! तपकिरी रश्शातला तो पदार्थ ससा होता. आणि इराणच्या वकिलांनी तो तीन वेळा मागून घेतला!

क्रमाने लिहितो.

दुपारची मेजवानी. यजमान आमचे दिलावर आगा – उस्मानी सरहद्दीवरच्या एर्झुरूममध्ये परदेशी पाहुण्यांच्या सरबराईचे अधिकारी. त्यांच्यासमोर नजरअली बेग, इराणच्या शहांचे वकील, म्हणजे दूत. इस्तंबूलहून तहाचं पत्र घेऊन मायदेशी निघालेले. पंगतीला चाळीस माणसं. मी नेहमीप्रमाणे खांबाशी, प्रत्येक पदार्थ वहीत टिपत होतो. मुख्य आसनापुढचा थाळा आचारी बैरम उस्ताने स्वतः आणला. मी विचारलं, "काय?" तो कौतुकाने म्हणाला, "ससे, एफेंदी. सिरक्यात मुरवलेले." मी लिहिलं – ससे, तीन, कांद्यात. शाईवर वाळू टाकली. पान उलटलं. आणि मग लक्षात आलं.

आमच्याकडे ससा म्हणजे चैन. त्यांच्या शिया पंथात तो हराम. तबरीझचा साधा उंटवालासुद्धा सशाच्या हंडीत शिजलेला भात खात नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे! पण सकाळी उस्ताने विचारलं, "ससा चालेल ना?" तेव्हा मी डोक्यात पाहिलं नाही, यादीत पाहिलं. वर्ज्य पदार्थांची माझी यादी, अकरा कलमांची. "यादीत नाही. चालेल," असं म्हणालो.

चोपन्न वर्षांचा माणूस. एकतीस वर्षांची चाकरी. आणि हे!

१५ रजब, मंगळवार

बैरम उस्ताला सांगावंच लागलं. तो पिठाच्या पोत्यावर बसला तो उठेना.

"एफेंदी, तुमच्या यादीत बिनखवल्यांचा मासा आहे, कासव आहे, मगर आहे! एर्झुरूममध्ये मगर कोण शिजवतो? आणि ससा नाही?"

मी यादीची घडी घातली.

"माझी मान गेली ना?"

"चूक माझी आहे, उस्ता."

"मान चूक बघून जात नाही, एफेंदी. पगडीची उंची बघून जाते."

प्रत्यक्ष धोका वहीचा आहे. वकिलांचा कारकून मिर्झा शम्सा रोज दुपारी येतो आणि आम्ही काय काय वाढलं ते माझ्या वहीवरून उतरवून घेतो. दोघांचे शिक्के बसतात. नक्कल त्यांच्या दरबारात जाते. आमचा वकील तिकडे गेला की आमचा कारकून हेच करतो. त्यांनी आमच्या माणसाला रोज आठ मेंढ्या दिल्या, म्हणून आम्ही नऊ देतो. पुढच्या खेपेला ते दहा देतील. लढाई थांबून सतरा वर्षं झाली, ही चढाओढ मात्र थांबलेली नाही. ती या दोन वह्यांत चालते. आणि माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, ससा आहे.

आज मिर्झा आला नाही. दाढ दुखते म्हणे. उद्या दोन्ही दिवसांचं उतरवणार.

आगांकडे गेलो. ते आधी पोट धरून हसले. "पोटात गेलं, विषय संपला! तीनदा घेतलं ना? मग काय, आमच्या पंथात आला म्हणायचा!" मी नकलेची आठवण दिली. हसू थांबलं.

"मग खरडून टाक."

"आगा, मी आजवर कधी–"

"हे बघ. बाहेर आलं, की आम्ही त्यांच्या वकिलाला मुद्दाम बाटवलं असं होणार. मग माफीच्या पत्राबरोबर एक मुंडकं पाठवावं लागेल. माझं नाही. तुझंही नाही, घाबरू नकोस. आचाऱ्याचं पुरे होईल."

पुरे होईल!

१६ रजब, बुधवार, सकाळ

आगांना न विचारता थेट वकिलांकडे गेलो. दाढीला मेंदी लावून ते खिडकीत बसले होते. नोकरांना बाहेर घालवलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं – पदार्थ काय होता, होकार कोणी दिला, आचारी निर्दोष कसा.

नजरअली बेगांनी मला बसायची खूण केली. मग म्हणाले, "पहिल्या घासालाच ओळखला होता."



"मी शिकारी माणूस, एफेंदी. माझे बहिरी ससाणे दुसरं काय खातात? ते हाड मला आंधळेपणीही ओळखता येईल."

"मग... तीनदा?"

"एकदा घेऊन थांबलो असतो तर तुमच्या आगांनी मोठ्याने विचारलं असतं, आवडलं नाही का? चाळीस माणसं ऐकत होती, त्यातली अठरा माझी. मग मला खरं तरी बोलावं लागलं असतं, नाहीतर ताट लोटून उठावं तरी लागलं असतं. त्यापेक्षा खाणं सोपं." त्यांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे हात केला. "त्यात तहाचं पत्र आहे. सतरा वर्षं सरहद्दीवर कोणी कोणाचं गाव जाळलेलं नाही. आता तीन सशांसाठी जाळायचं?"

अशा माणसासमोर आपण यादी घेऊन उभे असतो!

मग त्यांनी विचारलं, "वहीत लिहिलंत?"

"हो."

"ते तिथं नसावं."

"बेग, मी एकतीस वर्षांत एक अक्षर खरडलेलं नाही."

ते हसले. "मीही पंचेचाळीस वर्षांत कधी ससा खाल्ला नव्हता."

त्याच दिवशी, दुपार

खरडलं. लेखणीचा चाकू, मग अंड्यातला पांढरा भाग, मग घोटायचा अकीकचा दगड. त्यावर लिहिलं – करडू, एक, कांद्यात. अक्षर इतकं सुबक आलं की किळस वाटली.

मिर्झा शम्सा आला. गाल सुजलेला, गळ्यापासून डोक्यापर्यंत फडकं बांधलेलं. भराभर उतरवत गेला. त्या ओळीवर थांबला. बोट फिरवलं.

"एर्झुरूमची हवा दमट आहे का हो? कागद इथे मऊ लागतो."

"यंदा आहे दमट," मी म्हणालो.

"असेल, असेल." त्याने पान खिडकीकडे जरासं कलतं केलं, पुन्हा सरळ केलं, आणि लिहिलं – करडू. शिक्के झाले. जाताना दाढेवर लवंग मागून घेऊन गेला. त्याला पाहिजे तेवढी दिली!

१७ रजब, गुरुवार

वकील गेले. बैरम उस्ता वेशीबाहेर पार दुसऱ्या पुलापर्यंत त्यांच्या घोड्यामागे चालत गेला. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. आगांना वाटलं, बक्षिशीसाठी.

३ साबान

यादी नव्याने लिहिली. बारावं कलम – ससा. आगा म्हणाले, "आता तरी झोप." झोपतो आहे. खरंच सांगायचं तर उत्तम झोपतो आहे. एका ओळीच्या खोट्याने एक मान वाचली आणि एक तह वाचला. बायको म्हणते, चेहरा निवळला.

२५ जिल्हेज

तबरीझहून रेशमाचे व्यापारी खोजा सरकीस आले. मी सहज विचारलं, पाच महिने झाले, नजरअली बेग कसे आहेत?

"तुम्हाला कळलं नाही?" ते म्हणाले. "मागच्याच महिन्यात, जिल्कादमध्ये गेले. दरबारासमोर मान उडवली."

सशासाठी? माझ्या तोंडून निघून गेलं.

"छे, छे! ससा नोकरांनी हाडांवरून ओळखलाच होता. त्याचं काय? परमुलखात, गळ्याशी आल्यावर गिळलेला घास त्यांच्याकडे माफ असतो. तिथल्या मौलवींनी सांगितलं, वकिलांनी शहाणपणाच केला."

मग?

"नकलेच्या समासात मिर्झाचा शेरा होता – मूळ वहीत खरडलेलं आहे. दरबारात एकच प्रश्न झाला. ज्या माणसासाठी उस्मानी कारकून स्वतःची वही बदलतात, तो त्यांचा कोण?"

नजरअली बेगांनी, सरकीस म्हणाले, कोणाचंही नाव घेतलं नाही.