नियम सातवा : पंपावर बोलू नये

लिहून देणार : कारखान्याच्या कामगार-बसचा सेवानिवृत्त चालक, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), चौतीस वर्षांच्या नोकरीत अपघात शून्य, दंड शून्य, आपल्याशी नाते व्याह्याचे. नाव आपणांस ठाऊक आहेच. या मजकुराच्या डोक्यावर ते लिहिण्याचे धैर्य झाले नाही. खाली सहीत येईल.

आदरणीय व्याहीबुवांच्या सेवेशी सविनय नमस्कार.

आपली प्रकृती, आपल्या सौभाग्यवतींचा गुडघा आणि माझ्या मुलीचा स्वभाव हे तिन्ही आपल्या घरी ठीक असतील अशी आशा करतो. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त घास गिळत नाही, झोप लागत नाही आणि दाढी करताना आरशाकडे पाहणे जड जाते. आमच्या सौ.ची प्रकृती माझ्याहून उत्तम आहे, कारण तिचे मन स्वच्छ आहे. राहता राहिली आपल्या गाडीची प्रकृती. तिच्यासाठीच हे पत्र आहे, म्हणून ते सावकाश वाचावे आणि शक्यतो बसून वाचावे.

सोमवारी दूरध्वनीवर मी आपणांस असे कळवले की, गाडी परत देण्यापूर्वी तिची संपूर्ण देखभाल करून द्यावी असे मनात आले, सबब ती मिस्त्रीकडे टाकली आहे. आपण गहिवरलात. दोन मिनिटे आपणांस बोलता आले नाही, आणि त्या दोन मिनिटांत मी खरे सांगू शकलो असतो. मी म्हणालो, "त्यात काय एवढे." दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, की बाबा, सासरे साऱ्या सोसायटीत सांगत सुटलेत, व्याही असावा तर असा. (आपण हे कोणाकोणाला सांगितले त्याची यादी कृपया करून ठेवावी. ती पुढे लागेल.) गाडी मिस्त्रीकडे आहे हे सत्य आहे. एवढेच सत्य आहे.

आता मूळ हकिकत. आपण मुलीला पाहण्यासाठी प्रथम आमच्या घरी आलात, तेव्हा मी मुलीच्या शिक्षणाविषयी पाच मिनिटे आणि इंधनपंपावरील फसवणुकीविषयी पाऊण तास बोललो होतो. माझे सात नियम मी तेव्हा आपणांस सांगितले आणि पुढे स्वहस्ते लिहून आपल्या गाडीच्या कप्प्यात चिकटवलेही. उजळणी म्हणून पुन्हा लिहितो. पंपावर गाडीतून खाली उतरावे. आत बसून राहणारा माणूस आणि मागच्या बाकावरची पिशवी यांत लबाड पंपवाला फरक करत नाही. यंत्राचे आकडे शून्यावर आलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. गोल रकमेचे किंवा गोल मापाचे इंधन मागू नये, कारण हातचलाखी करणाऱ्याने आपली तयारी गोल आकड्यांवरच केलेली असते. सुरुवातीला आकडा एकदम उडी मारतो का, ते पाहावे. नळीतला शेवटचा थेंब टाकीत पडेपर्यंत ती काढू देऊ नये. संशय आल्यास पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागावे आणि भेसळ वाटल्यास फिल्टर कागद मागावा. दोन्ही मागण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे. हे सहा नियम कोणीही शहाणा माणूस सांगेल. सातवा माझा स्वतःचा आहे. पंपावर बोलू नये. एकजण गोड बोलून आपले लक्ष वेधतो, तेवढ्यात दुसरा आपले काम साधतो. म्हणून कोणी काहीही विचारले तरी उत्तर देऊ नये, नजर शून्यावर ठेवावी आणि गाडीतल्या इतर मंडळींनीही मौन पाळावे. या सातव्या नियमाचा मला फार अभिमान होता.

गेल्या रविवारी निवृत्त चालकांच्या संघाने मला याच विषयावर भाषणास बोलावले. भाषणास बसथांब्यावर उभे राहून जाणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मुलीकरवी आपली गाडी मागितली. मुलीने आपणांस सांगितले, की बाबांच्या हाती गाडी म्हणजे बँकेत ठेव. (हे मला तिनेच मोठ्या कौतुकाने कळवले. ते शब्द आता रोज आठवतात, विशेषतः जेवताना.) गाडी परत करताना टाकी भरून द्यावी हा माझा शिरस्ता आहे. तेव्हा जातानाच वाटेतल्या पंपावर तीन क्रमांकाच्या यंत्रापाशी थांबलो. उतरलो. सौ. मागे बसली होती, तिला सातव्या नियमाची आठवण करून दिली. बोलावेच लागू नये म्हणून मी घरूनच चिठ्ठी लिहून आणली होती. तीवर 'एकतीस लिटर' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. कशाचे, ते लिहिले नव्हते.

याचे कारण सांगतो. ते समर्थन नव्हे. मी चौतीस वर्षे कारखान्याची बस चालवली. ती डिझेलवर चाले. पंपावर लागली की तिच्याकडे पाहूनच लोक डिझेल घालत, मला कोणी कधी विचारले नाही आणि मी कधी सांगितले नाही. आपली गाडीही डिझेलचीच, पण ती पेट्रोलचीही मिळते, आणि बाहेरून पाहता दोघी जुळ्या बहिणी. टाकीच्या झाकणामागे अक्षरे असतात म्हणतात; आपल्या गाडीवरची ती धुऊन धुऊन गेली आहेत. (हा दोषारोप नव्हे. स्वच्छता हा गुणच आहे.) यंत्रावर निळ्या टोपीच्या एक बाई होत्या, वयाने आपल्या सुनेएवढ्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचारले, की काका, पेट्रोल ना? मी मनात म्हणालो, झाली सुरुवात. त्यांनी पुन्हा विचारले. मी नजर शून्यावरून हलवली नाही. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, की काका, बोला की, पेट्रोलच घालू ना? तेव्हा मी अत्यंत गंभीरपणे हात वर करून शून्याकडे बोट दाखवले. त्याचा अर्थ, 'माझे लक्ष आहे, गडबड चालणार नाही.' त्यांना त्याचा अर्थ, 'घाला.' मग एकतीस लिटर इंधन माझ्या डोळ्यांदेखत टाकीत गेले. आकड्याने उडी मारली नाही. शेवटचा थेंबही मी आत पाडून घेतला. इतक्या काटेकोरपणे चूक करून घेणारे गिऱ्हाईक त्या पंपावर पूर्वी आले नसावे.

दीड किलोमीटर गाडी चालली. मग खोकली, थरथरली आणि संघाच्या सभागृहाच्या फाटकासमोर, हार घेऊन उभ्या असलेल्या अध्यक्षांपासून दहा पावलांवर, बंद पडली. प्रमुख वक्त्याची गाडी श्रोत्यांनी ढकलत आत आणली. कोणाही वक्त्याने अशा वेळी नम्र व्हावे. मला उलट स्फुरण चढले. मी भाषणात सांगितले, की बांधवांनो, आजच, आत्ताच, भेसळीचा बळी तुमच्यासमोर उभा आहे. सातही नियम समजावले. सातव्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. मग चाळीस चालकांचा जथा घेऊन मी पंपावर गेलो आणि फिल्टर कागद मागितला.

मॅनेजर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तीन क्रमांकाची तीच नळी घेतली आणि पांढऱ्या कागदावर थेंब सोडला. आपणांस ठाऊक असेल, डिझेलचा डाग कागदावर राहतो. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. आम्ही एकेचाळीस माणसे त्या कागदावर वाकलो होतो. थेंब पसरला, आक्रसला आणि गेला. कागद माझ्या सदऱ्यासारखा पांढरा राहिला. चाळीस जणांना काय झाले ते एकदमच कळले, मला शेवटी. मॅनेजर म्हणाले, "एकदम शुद्ध पेट्रोल आहे काका. तक्रार काय आहे?"

व्याहीबुवा, यापुढचे लिहिण्यासाठी मी दोन दिवस घेतले आहेत. त्या वेळी 'चूक माझी' असे दोन शब्द बोलायचे होते. चाळीस जुने सोबती होते, गळ्यात हार होता. मी म्हणालो, "मी डिझेल सांगितले होते." बाईंनी खिशातून माझी चिठ्ठी काढून मॅनेजरांना दाखवली, म्हणाल्या, यावर काहीच नाही, म्हणून मी तीनदा विचारलं. मी म्हणालो, यांनी विचारले नाही, मी आपणहून तोंडी सांगितले. तासाभरापूर्वी ज्यांनी माझ्या तोंडून 'पंपावर बोलू नये' हे ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या, त्या चाळिसांपैकी एकालाही शंका आली नाही. त्यांनी तिथल्या तिथे तक्रारीचा कागद करून सह्या केल्या. मॅनेजरांनी एकदा माझे पांढरे केस पाहिले, एकदा बाईंची निळी टोपी पाहिली आणि टोपी काढून ठेवायला सांगितली. बाई भांडल्या नाहीत. टोपीची घडी घालताना माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "काका, तुम्ही वडिलांसारखे म्हणून तीनदा विचारलं. नाहीतर एकदाच विचारते."

घरी सौ.ने मला वाढले, समोर बसली आणि म्हणाली, "तिने तीनदा विचारलं. मी मोजलं." मी विचारले, मग तिथे का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, पंपावर तोंड उघडायचं नाही म्हणून." त्यानंतर ती माझ्याशी सातव्या नियमानेच वागत आहे. भाजीत मीठ कमी आहे का, एवढेही विचारत नाही.

सोमवारी मी पायी पंपापर्यंत गेलो. तीन क्रमांकावर दुसराच माणूस होता. हवा भरण्याच्या यंत्रापाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परतलो. (तिथल्याने विचारले, की आजोबा, चाक कुठे आहे?) घरी येऊन आपणांस देखभालीची थाप मारली. मंगळवारी पुन्हा गेलो, पुन्हा परतलो. बुधवारी आत शिरलो आणि मॅनेजरांना खरे सांगितले. त्यांनी पाणी दिले आणि म्हणाले, की काका, चाळीस सह्यांचा लेखी कागद मालकांकडे गेला आहे, त्याला तोंडी उत्तर चालत नाही. शनिवारपर्यंत लेखी आणाल तर बाई राहतील, नाहीतर त्यांची जागा भरली जाईल. म्हणून हे लेखी आहे. याच्या तीन प्रती केल्या आहेत, एक मॅनेजरांस, एक चालक संघास, एक आपणांस, आणि तिन्हींचा मजकूर अक्षरशः एकच आहे. मॅनेजरांना एक आणि आपणांस दुसरे लिहायला बसलो असतो, तर माझा स्वभाव पाहता आपल्या प्रतीत मी निर्दोष सुटलो असतो. त्यामुळे आपल्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याची चौकशी मालकांच्या वाचनात येईल, त्याबद्दल क्षमा असावी.

मी डिझेल सांगितले नव्हते. बाईंनी तीनदा विचारले होते. मला तिन्ही वेळा ऐकू आले होते.

आपला अपराधी,
(सही केली आहे. अक्षर हलले आहे. पेन चांगले होते.)

ता. क. टाकी रिकामी करून धुतली आहे, गाळण्या बदलल्या आहेत. इंजिनाला इजा नाही असे मिस्त्री म्हणतो. सर्व खर्च अर्थातच माझा. त्यामुळे, एका परीने पाहता, गाडीची संपूर्ण देखभाल झालीच. (हे वाक्य खोडावे असे सौ.ने खुणेने सुचवले. तिन्ही प्रतींत खोडाखोड नको म्हणून राहू दिले आहे.)

ता. क. दुसरा. मुलीला यातले काही माहीत नव्हते. टोमणा मारायचा झाल्यास मला मारावा. मी शनिवारी दिवसभर घरी आहे. गाडीच्या कप्प्यातल्या कागदावरचा सातवा नियम मी खोडला आहे. पहिले सहा चालू ठेवण्यास हरकत नाही.

ता. क. तिसरा. टाकी भरून देण्याचा माझा शब्द अजून बाकी आहे. ती मला त्याच पंपावर, तीन क्रमांकाच्या यंत्रावरच भरायची आहे. पण तिथे गाडी घेऊन एकट्याने उभे राहण्याचे बळ नाही. तरी आपण रविवारी यावे. गाडी आपण चालवावी, मी शेजारी बसेन. 'डिझेल' एवढे मात्र मला म्हणू द्यावे. खरे सांगायचे तर हे पत्र त्यासाठीच लिहिले.

समक्ष हजर असलेले साक्षीदार, शुक्रवार सकाळ, पंपाची कचेरी :

१. आमच्या सौ. मजकूर वाचून दाखवला असता 'तीनदा' या शब्दावर मान हलवली. सही केली.

२. गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री. बोटांना ग्रीस असल्याने सहीशेजारी अंगठाही उमटला आहे. तो जादा समजावा.

३. पंपाचे मॅनेजर. दोनदा वाचले, खण उघडून निळी टोपी टेबलावर ठेवली. सही केली.

४. तीन क्रमांकाच्या यंत्रावरील बाई. टोपी घातली, पेन घेतले आणि विचारले, "काका, इथे करू ना सही?" मी पहिल्याच वेळी मोठ्याने हो म्हणालो.