मोरीपलीकडचा थांबा

वाशी, ३ फेब्रुवारी १९८५

ती. अण्णांस,

सुनीतीचा शि. सा. न. वि. वि. मी ठीक आहे, हे आईला आधी वाचून दाखवा; त्याशिवाय पुढचं ती ऐकणार नाही.

कळंबोली-तळोजा रस्त्याचा आराखडा जवळपास झाला. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी दोन पट्टे, दोन्ही बाजूंना कठडा. ट्रक आत येणार नाहीत, बस बाहेर जाणार नाही. पनवेलहून कारखान्यांपर्यंत आज सत्तेचाळीस मिनिटं लागतात, ती तिसावर येतील. त्यासाठी थांबे कमी हवेत. रोज पंचवीसपेक्षा कमी माणसं चढतात तो थांबा रद्द, हा नियम मीच लिहिला. नावडे फाट्यावर तीन दिवस मोजणी केली, सरासरी अकरा. तो थांबा मी काढला.

तुम्ही नऊ वर्षं याच रस्त्यावर कल्याणच्या गाडीवर कंडक्टर होतात, म्हणून विचारते. फाट्यावर तेव्हाही कोणी नसायचं ना? आकडे बरोबर आहेत, तरी चार दिवस तोच नकाशा पुन्हा पुन्हा उघडते आहे. २८ला वरिष्ठांपुढे मांडणी आहे. त्यावरच मला नोकरीत कायम करायचं की नाही हे ठरेल.

आईला सांगा, स्थळाबद्दलचं उत्तर २८नंतर.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

आपली,
सुनीती


महाड, ८ फेब्रुवारी १९८५

चि. सुनीतीस,

अ. उ. आ. स्थळाला तारीख देऊन ताटकळत ठेवणारी मुलगी तिच्या माहेरात झाली नाही, असं तुझी आई म्हणते. मी म्हटलं, माझ्याही नाही.

तुझ्या पत्राने दोन दिवस घरात येरझाऱ्या घालतो आहे. तुझी मोजणीची माणसं थांब्याच्या खांबाजवळ खुर्ची टाकून बसली असतील. खांबाजवळ कोणी नसतंच. तळोज्याच्या बाजूला दोनशे पावलांवर एक मोरी आहे. मासळीवाल्या बायका पाट्या घेऊन तिच्या आड बसायच्या. त्यांच्यातली एकटीच, रिकाम्या हाताने, रस्त्यात येऊन हात दाखवायची. गाडी थांबली की बाकीच्या पाट्यांसकट वर यायच्या. खांबाजवळ पाटी दिसली की आम्ही कंडक्टर लोक दोन घंटा देऊन गाडी पुढे काढायचो. वास येतो, उतारू ओरडतात. मीही द्यायचो.

एक गोष्ट घरात कधी सांगितली नाही. रखमा नावाच्या बाईने एकदा पाटी पायरीवर ठेवली आणि मी घंटा दिली. पाटी गाडीत, रखमा रस्त्यावर. पनवेलला पाटी उतरवून मी सावलीत ठेवली. दोन तासांनी ती चालत आली. मी शिव्या खायला तयार होतो. तिने पाटी उचलली आणि गेली.

कोणी भला ड्रायव्हर असला तर मोरीपाशी गाडी हळू करायचा. तुझ्या कठड्याच्या आतून त्यालाही ते जमणार नाही. बघ.

जेवणाची आबाळ करू नको. तुझ्या खुशालीची वाट बघणारा,

अण्णा


वाशी, १३ फेब्रुवारी १९८५

ती. अण्णांस,

शि. सा. न. वि. वि. सोमवारी सकाळी सहाला मोरीवर गेले. सातपर्यंत एकतीस बायका मोजल्या. आमची मोजणी सातला सुरू होत होती, म्हणजे चूक दुहेरी: जागाही चुकली आणि वेळही.

चांगुणाबाई म्हणून एक आहेत, त्या हात दाखवायला उभ्या राहतात. मी वही काढल्यावर त्यांनी विचारलं की बाय, तू गारी थांबवनारी का पलवनारी? मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. त्यावर सगळ्या हसल्या. खांबाजवल उभ्या रायलो तं गारी थांबतंच नाय, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, जणू मी कमी ऐकते.

आमचे प्रमुख श्यामसुंदर साहेब म्हणाले की आराखड्यावर माझीच सही आहे, आता उकरून काढण्यात शहाणपण नाही. एकटीची मोजणी ग्राह्य नाही. दोघांनी वेगवेगळी करावी, सलग तीन दिवस. माणूस ते देणार नाहीत.

तुम्ही याल का? मोरीआड कोण बसलंय हे तुम्हाला ओळखता येतं. रखमाबद्दल मी काही लिहीत नाही.

आपली,
सुनीती


महाड, १७ फेब्रुवारी १९८५

चि. सुनीतीस,

अ. उ. आ. बुधवारी सकाळच्या गाडीने निघतो. आईने लाडू दिलेत आणि स्थळाचा फोटो. लाडू नक्की खा.

अण्णा


वाशी, ३ मार्च १९८५

ती. अण्णांस,

शि. सा. न. वि. वि. तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं.

गुरुवारी मांडणी झाली. पहिल्या पाच मिनिटांत मी माझी चूक सांगितली. श्यामसुंदर साहेब चष्मा पुसत राहिले. थांबा आराखड्यात परत घेतला आहे, फाट्यावर नाही, मोरीपाशी. तिसाऐवजी एकतीस मिनिटं लागतील. गाडीत पाट्यांसाठी जागा ठेवण्याचं मान्य झालेलं नाही; त्याचं वेगळं टिपण दिलं आहे. मला कायम करण्याचा निर्णय सहा महिने पुढे ढकलला. पट्टे कधी बांधतील ते कोणी सांगितलं नाही.

आता तुमच्या मोजणीविषयी. माझे आकडे ३१, ३४, २९. तुमचे ३२, ३५, ३०. तिन्ही दिवस एक जास्त. तुमची नजर इतकी नियमाने चुकत नाही, म्हणून मांडणीच्या आधीच चांगुणाबाईंना विचारलं. पहिल्याच दिवशी तुम्ही रखमाच्या दारात जाऊन बसलात, असं त्या म्हणाल्या. गुडघे गेल्यामुळे तिला फार वेळ उभं राहवत नाही. दोन वर्षं तिचं बाजारात जाणं बंद आहे. थांबा झाला तर येईन, असं ती तुम्हाला म्हणाली, म्हणून तुम्ही तिला मोजलंत.

येईन म्हणणारा माणूस मोजणीत धरता येत नाही, अण्णा. तुमचा एक मी तिन्ही दिवस कापला.

मोरीपाशी निवाऱ्यात आठ जणांचं बाकडं दाखवलं होतं. ते मी नऊ जणांचं केलं आहे.

आईला सांगा, फोटो पाहिला. लोभ आहे तसा राहू द्या.

आपली,
सुनीती