वस्तीच्या मधोमध

१९ जानेवारी
मंदिर कमिटीची मीटिंग. टेबलावर हात आपटून सांगितलं, वृद्धाश्रम बायपासवर चालणार नाही. इथंच जठारपेठेत, आपल्या हनुमान मंदिराला लागून, वस्तीच्या मधोमध पाहिजे. म्हाताऱ्यांना देवही दिसावा आणि माणसंही. अध्यक्ष खुशालराव डोळे पुसत होते. (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण तेवढंच कारण नसावं.) मला सचिव केलं. संकल्प: रोज डायरी लिहिणे. अशा कामाची नोंद राहिली पाहिजे.

९ फेब्रुवारी
रोज जमलं नाही. कामं. गल्लीचा विरोध. शेजारचा शेखर म्हणे, रात्रभर खोकतील, एरिया डाऊन होईल. असं झापलं त्याला! ज्यांनी बोट धरून चालवलं त्यांना नजरेआड करता, लाज नाही वाटत? घरी आलो तर रश्मी विचारते, मग हिवरखेडच्या आईंचं काय? बायकोला व्हिजन नाही. आई गावात एकटी आहे, पण इंडिपेंडंट आहे. तिला तिथलीच हवा मानवते. विचारलं नाही कधी, पण मुलाला कळतंच.

२३ मार्च
आईला फोन. म्हटलं, आई, मंदिराजवळ घर बांधून राहिलो. म्हाताऱ्या माणसाले करमलं पाहिजे, रोज दर्शन, गरम जेवण. तिकडून नुसती नाक ओढल्यासारखी खरखर. हिवरखेडला रेंजचा प्रॉब्लेम आहे. मग म्हणे, काहून एवढा खर्च केला रे बापू. समाजाच्या पैशाची केवढी काळजी! उद्घाटनाला बोलावलं. म्हणे, येते नं, सारं आवरून येते.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
उद्घाटन झालं. नको तसं झालं.
आई एसटीनं आली. ट्रंक, गोधडी, फडक्यात बांधलेले देव, डब्यातली तुळस. गाय गावातल्या शेजारच्या मोतीरामकाकांना देऊन टाकली, घराची किल्लीही. आमच्या दारात ट्रंक टेकवून विचारते, माही खोली कोणती? घर बांधतोय म्हटलं, तर तिला वाटलं तिच्यासाठीच बांधतोय. मी म्हटलं, ते तिकडं, मंदिराजवळ. सगळ्यांसाठी. ती नुसतं हो म्हणाली.
ट्रंक घेऊन मंडपात गेलो. खुशालरावांनी पाहिली आणि माइकवर जाहीर केलं, सचिवांनी पहिला प्रवेश स्वतःच्या आईचा केला! टाळ्याच टाळ्या. मग मला हार घालून माइक माझ्याच हातात दिला. खरं सांगता आलं असतं. मी हात जोडले. बायकांनी आईला विचारलं तर म्हणे, हो नं माय, पोरानं माह्यासाठीच बांधलं. माझ्याकडे पाहिलं नाही तिनं. गळ्यातला हार काढायचीही लाज वाटत होती.

२ मे
ठरलं. येत्या रविवारी आईला घरी आणणार. फायनल.

४ मे
रविवार. मागच्या खोलीत ट्रेडमिल आहे. हलवायला माणसं लागतात. शिवाय उद्यापासून मी चालणार आहे. पुढचा रविवार.

१७ मे
चाललो नाही. ऊन फार.
आईच्या खिडकीतून आमची गच्ची दिसते. रश्मीनं वाळवण घातलंय. रोज सकाळी आई ओरडते, गजू, कुरोड्या नेल्या रे माकडांनं! सगळी गल्ली बाहेर येते. आज शेखर म्हणे, गजूभाऊ, हाक ऐकू येते एवढी जवळ माय आहे, मग घरात काहून नाही? लोक हसले. खुशालराव म्हणे, वा, याला म्हणतात वस्तीच्या मधोमध! ते टोमणा मारत नाहीत, मनापासून बोलतात. तेच जास्त लागतं.
बायपासवर हवा तशी मोकळी होती. हे वाक्य खोडायला हवं.

३१ मे
आज हाक आली नाही. माकडं आली, अर्ध्या कुरडया घेऊन गेली, तरी नाही. गच्चीवर थांबलो. चपला न घालता धावत गेलो.
आई खिडकीतच बसली होती. विचारलं, माकडं दिसले नाही का? म्हणे, दिसले नं. मग हाक काहून नाही मारली? म्हणे, मी हाक मारली का लोक तुले हासतात. हळू मारून पाहिली बापू, तुह्यापर्यंत पोचत नाही.
मी बरं म्हटलं. घरी आलो. ट्रेडमिल मागच्या खोलीतच आहे.
उद्या रविवार.